सरांचं ताम्हण

मागच्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला. ५ जूनला, म्हणजे पर्यावरणदिनी, आपल्या मागच्या टेकडीवर १०१ झाडं लावायची आहेत, एक प्रसिद्ध अभिनेते स्वतः येणार आहेत, तरी पर्यावरणप्रेमी सभासदांनी नावं द्यावीत. अर्ध्या तासात खाली चौतीस अंगठे पडले. नावं आली तीन. त्यातलं एक माझं, आणि तेही मी दिलेलं नव्हतं. सेक्रेटरीचं नाव धरूनच चालतात.

अभिनेत्याचं नाव सांगत नाही. एक तर माणूस वाईट नाही, आणि दुसरं म्हणजे सासूबाई त्यांची मालिका एक दिवस चुकवत नाहीत. आयोजक संस्थेतली पोरं त्यांना 'सर' म्हणत होती, मीही तेच म्हणते.

संस्थेला आमच्याकडून हवं होतं ते पाणी. टेकडीच्या पायथ्याशी, आमच्या कुंपणाच्या आत बोअरचा नळ आहे. 'फक्त एक दिवस लागेल मॅडम,' असं समन्वयक मुलगा म्हणाला. नंतर तर पाऊसच येणार ना! पुण्यात पाऊस वेळेवर आला तरी दहा जूनच्या आगेमागे येतो, आणि वेळेवर आलेला मला तरी क्वचितच आठवतो. मग झाडं ५ जूनला का लावायची? तर १९७२ साली स्टॉकहोमला संयुक्त राष्ट्रांची पर्यावरण परिषद ५ जूनला सुरू झाली म्हणून. इंदिरा गांधीही तिथे जाऊन बोलल्या होत्या. स्वीडनमध्ये तेव्हा छान हवा असेल. आमच्या टेकडीवरच्या मुरमावर त्या दिवशी चप्पल काढून उभं राहून दाखवावं कुणी.

खड्डे खणायला आदल्या दिवशी चार मजूर आले होते. त्यातले वयस्कर मामा माझ्याकडे पाणी प्यायला आले. कार्यक्रम उद्याच आहे म्हटल्यावर आभाळाकडे बघून म्हणाले, "मिरगाच्या आत रोप घालून काय उपेग, ताई? पाऊस काय कॅलेंडर बघून येतो व्हय?" मी म्हटलं, तारीख वरून आलीये. "मंग घालू की," म्हणाले आणि कुदळ उचलून गेले.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम सातला होता. आम्ही पावणेसातला हजर. तोपर्यंत एक टेम्पो येऊन गेला होता. त्यातून रोपं उतरली, आणि फ्लेक्सचे सहा बोर्ड, 'वसुंधरा वाचवा' छापलेले दोनशे पॉलिस्टर टी-शर्ट, आणि घोटभर पाण्याच्या इवल्याशा बाटल्यांचे खोकेच्या खोके. रोपांमध्ये चाळीसेक गुलमोहर होते. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. टेकडीवर आधीच गिरिपुष्पाचं रान माजलंय, ते मध्य अमेरिकेतलं. आपल्याकडे त्याला उंदीरमारी म्हणतात. त्याच्या खाली गवतसुद्धा धड उगवत नाही. आमच्या टेकडी ग्रुपमधली वनस्पतिशास्त्राची एक विद्यार्थिनी संस्थेच्या मुलाला समजावत होती, की ही मुळात गवताची टेकडी आहे, इथे खैर, हिवर, पळस असली खुरटी झाडं मध्ये मध्ये, बाकी गवत, आणि ते तसंच असायला हवं. मुलगा तिच्याकडे सहानुभूतीने बघत होता. "पण मॅडम, किती मोकळी मोकळी दिसते," तो म्हणाला. झाड नसलेली जागा म्हणजे वाया गेलेली जागा, हे आपल्या डोक्यात कोणी घातलंय कोण जाणे.

सर सव्वादहाला आले. मागेपुढे दोन गाड्या, आणि पायथ्याला त्यांची व्हॅनिटी व्हॅन, तिचा जनरेटर शेवटपर्यंत सुरू. डिझेलच्या त्या घुरघुरीवर त्यांनी पृथ्वीच्या तापमानाविषयी चार शब्द सांगितले. खरं सांगायचं तर बरं बोलले. लहानपणी गावाकडे आंब्याखाली कसे झोपायचे ते सांगताना त्यांचा आवाजही जड झाला.

मग झाड. सरांसाठी ताम्हणाचं रोप राखून ठेवलं होतं. ताम्हण हे महाराष्ट्राचं राज्यफूल, त्यामुळे बातमीत शोभतं. खड्ड्याशी स्टीलची पाटी आधीच रोवलेली, वर सरांचं नाव आणि तारीख. सरांनी रोप हातात घेतलं, काळी पिशवी फाडायला नख लावलं, तेवढ्यात फोटोग्राफर ओरडला, "सर, पिशवी राहू दे! माती सांडते, टी-शर्ट पांढरा आहे." सरांनी विचारपूर्वक मान हलवली आणि रोप पिशवीसकट खड्ड्यात गेलं. फोटो झाला. मग उन्हाचा कोन चुकला म्हणून रोप वर काढलं, परत लावलं. मग महापालिकेतलं कोणीतरी पोचलं, त्यांच्यासोबत परत काढलं, परत लावलं. आमच्याकडे लग्नात सप्तपदी व्हिडिओवाल्यासाठी दोनदा घालायला लावतात, तसंच. निदान नवरीला मुळं नसतात.

पावणेअकराला सगळं आटोपलं. उरलेली रोपं शाळेतून आणलेल्या मुलांनी लावली, तीही उन्हं चढल्यावर. मामांनी मात्र सरांची वाट बघण्याच्या त्या तीन तासांत, बसून कंटाळा आला म्हणून, कडेच्या सात-आठ खड्ड्यांत करंज लावून टाकले होते. मी बघत होते. पिशवी ब्लेडने उभी चिरून बाजूला, तळाला जराशी ओढ्याकडची काळी माती, रोप बसवून पायाने दाबलेलं, उताराच्या बाजूने दगडांचा अर्धगोल बांध, आणि आळ्यात पालापाचोळा. एकेका रोपाला दहा मिनिटं. या झाडांचा एकही फोटो कुणाकडे नाही.

कार्यक्रम चालू असल्यापासून दुपारपर्यंत मी सोसायटीच्या तीन पोरांना घेऊन बाटल्या गोळा केल्या. चार पोती भरली.

रात्री सरांच्या पानावर फोटो झळकला. सासूबाईंनी तीनदा मोठा करून बघितला. "मागे तू दिसतेस गं," म्हणाल्या. मी दिसत होते. हातात पोतं होतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही, ती पर्यावरणाच्या काळजीने नव्हे, उन्हाने डोकं चढलं होतं म्हणून. मोबाइल घेऊन बसले आणि अशा थोरामोठ्यांच्या कथा वाचत गेले. हॉलिवूडचे लिओनार्डो डिकॅप्रिओ. २०१६ च्या फेब्रुवारीत ऑस्कर घेताना त्यांनी हवामानबदलावर भाषण केलं, टाळ्या पडल्या. त्याच मे महिन्यात ते फ्रान्समधल्या कानहून न्यूयॉर्कला पर्यावरणाचा सन्मान घ्यायला गेले आणि लगेच कानला परतले, तेही खासगी विमानाने, असं तेव्हा छापून आलं होतं. अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष अल गोर यांच्या हवामानबदलावरच्या माहितीपटाला २००७ मध्ये ऑस्कर मिळालं, आणि त्यानंतर लगेच एका विरोधी गटाने त्यांच्या घराचं विजेचं बिल बाहेर काढलं. २००६ या एका वर्षात सुमारे २ लाख २१ हजार युनिट. आमच्या घरी महिन्याला दीडशे युनिट जळतात. हिशेब केला तर तेवढी वीज जाळायला आम्हाला जवळपास १२३ वर्षं लागतील. टिळक हयात असताना सुरुवात केली असती तर आत्ता कुठे संपली असती. गोर यांचं म्हणणं, आम्ही जादा पैसे मोजून हरित वीज घेतो. नंतर त्यांनी छपरावर सौर पॅनेलंही बसवली. बसवली ते बरंच केलं. पण जादा पैसे भरून पाप फेडायची ही कल्पना आपल्याला काही नवी नाही. पूर्वी गोदान करायचे, आता कार्बनचं करतात, इतकंच. गाय निदान दिसायची.

आपल्याकडेही काही कमी नाही. २०१९ च्या सप्टेंबरात मुंबईत मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली झाडं तोडायचा वाद पेटलेला असताना अमिताभ बच्चन यांनी मेट्रोचं कौतुक करणारं आणि मी माझ्या बागेत झाडं लावली आहेत, तुम्ही लावलीत का, अशा अर्थाचं ट्वीट केलं. लोक त्यांच्या घराबाहेर फलक घेऊन उभे राहिले. ज्यांच्या घराला बाग नाही, किंबहुना घराला बाल्कनीच नाही, त्यांनी काय करायचं हा प्रश्न अगदीच गैरलागू नव्हता. पुढे ऑक्टोबरात दोन रात्रींत तिथली दोन हजारांवर झाडं गेली. त्याच वर्षी राज्य सरकारने ३३ कोटी वृक्षलागवडीचा संकल्प सोडला होता. देव तेहेतीस कोटी, तशी झाडंही तेहेतीस कोटी. दोन्हीही मोजायला कोणी जात नाही, असं वाटलं होतं, पण झाडांसाठी नंतर विधिमंडळाची चौकशी समिती नेमली गेली.

सगळेच असे नसतात, हेही लिहायला हवं. सयाजी शिंदेंनी बीडजवळ पालवणच्या उजाड डोंगरावर देवराई उभी करायला घेतली, ती एका दिवसाच्या फोटोसाठी नव्हती. आमिर खानच्या पाणी फाउंडेशनने २०१६ मध्ये वॉटर कप ही गावागावांतली पाणी अडवायची स्पर्धा तीन तालुक्यांत सुरू केली, २०१८ पर्यंत ती पंचाहत्तर तालुक्यांत गेली. त्यात आधी गावकऱ्यांचं प्रशिक्षण होतं, मग एप्रिल-मेच्या उन्हात पंचेचाळीस दिवस श्रमदान, समतल चर, बांध. पहिल्या वर्षी कोरेगाव तालुक्यातलं वेळू जिंकलं. त्यांच्या पद्धतीवरही भूजलवाल्यांचे आक्षेप होते, जेसीबीने फार खणलं वगैरे. असतील. पण तिथे माणसं नटाला बघायला आली तरी हातात शेवटी टिकाव आला. आमच्या टेकडीवर आला टी-शर्ट.

आता दुसऱ्याला हसून झालं की आपलीही पाळी येते. जुलैत मीही हिरवी व्हायचं ठरवलं. मुलीने ऑनलाइन यादीच काढून दिली. बांबूचे टूथब्रश आले, ते नवऱ्याच्या तोंडात तिसऱ्या आठवड्यात केस सोडायला लागले. स्टीलच्या स्ट्रॉचा संच आला, सोबत तो धुवायला नाजूक ब्रश. आमच्या घरात उसाचा रस सोडला तर जन्मात कोणी काही स्ट्रॉने पीत नाही, आणि रसवंतीत खिशातून स्टीलची नळी काढायची माझी हिंमत नाही. आणि कापडी पिशव्या. त्या आधीच होत्या. २०१८ च्या जूनमध्ये राज्यात प्लॅस्टिकबंदी लागू झाली, पहिल्या गुन्ह्याला पाच हजार दंड, तेव्हापासून प्रत्येक लग्न, मुंज आणि बँकेच्या वर्धापनदिनाला हातात एक कापडी पिशवी पडत आलीये. माझ्याकडे मोजून चौदा भरल्या. तरी 'सेंद्रिय कापूस' लिहिलेल्या आणखी दोन मी विकत घेतल्या.

मग कुठेतरी डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याचा २०१८ चा अभ्यास वाचला. नुसता हवामानाचा विचार केला तर कापडी पिशवी पन्नासेक वेळा वापरली की साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीची बरोबरी होते. पण कापसाला लागणारं पाणी, खतं, इतर सगळे परिणाम धरले तर ती ७,१०० वेळा वापरावी लागते. रोज एकदा म्हटलं तर साडेएकोणीस वर्षं. आणि सेंद्रिय कापसाची असेल तर २०,००० वेळा! म्हणजे पंचावन्न वर्षं मी न चुकता मंडईत गेले पाहिजे, तेही दोन्ही पिशव्या वेगवेगळ्या घेऊन. माझं वय त्रेपन्न आहे.

हे मी जेवताना वाचून दाखवलं. सासूबाई उठल्या आणि दाराच्या खिळ्यावरची त्यांची पिशवी घेऊन आल्या. सासऱ्यांच्या टेरिकॉटच्या पँटची, बंद पट्ट्याच्या कापडाचे, आतल्या बाजूला अजून पँटचा चोरखिसा तसाच. सुटे पैसे त्यातच असतात. "हिला किती वर्षं झाली सांगू?" म्हणाल्या. "तुझं लग्न व्हायच्या आधीची आहे." माझ्या लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली.

खताच्या माठांवर त्या याहून कमी शब्दांत बोलल्या. टेराकोटाचे एकावर एक तीन माठ, सोबत कोकोपीट आणि कसलीशी पावडर, सगळं मिळून चोवीसशे रुपये. महापालिका गांडूळखत, सौरऊर्जा असल्या गोष्टींसाठी मिळकतकरात सवलत देते, तिच्यासाठी सोसायटीने प्रकल्प करावा आणि सेक्रेटरीने आधी घरी करून दाखवावा असं ठरलं होतं. सासूबाईंनी माठ बघितले, झाकण उचलून आत बघितलं. "आमच्या वाड्यात परसात उकिरडा होता. तुम्ही तो विकत आणलात होय."

पहिला महिना मला वाटलं की कचरा घातला की खत होतं. होत नाही. होतो तो राडा. ओलं आणि सुकं यांचं माप जमावं लागतं. भाजीची देठं, चहाचा चोथा, फळांची सालं हे सगळं ओलं. त्यावर तितकाच सुका पाला किंवा भुसा पडला नाही की हवा कोंडते आणि वास सुटतो. आमच्या माठातून ऑगस्टमध्ये तपकिरी पाणी ठिबकून खालच्या मजल्यावरच्या काकांच्या वाळत घातलेल्या लेंग्यावर पडलं. काका तिसऱ्या मजल्यावर जिना चढून आले, लेंगा वर धरून. सेक्रेटरी असल्यामुळे तक्रारही माझ्याकडेच नोंदवायची होती. ती मी रीतसर नोंदवून घेतली.

आणि अळ्या. एका सकाळी झाकण उचललं तर वरचा थर हलत होता. हलत होता म्हणजे अक्षरशः, भात शिजताना हलतो तसा. मी झाकण टाकून किंचाळले, नवरा दाढी अर्धी टाकून आला. पुढे कळलं की त्या काळ्या सैनिक माशीच्या अळ्या, निरुपद्रवी, उलट कचरा झपाझप खातात आणि खताचं काम पुढे नेतात. हे कळल्यावरही त्यांच्याकडे प्रेमाने बघायला मला ऑक्टोबर उजाडला. आता मुठीत सुका पाला घेऊन रोज सकाळी टाकते, आंबट ताक महिन्याकाठी शिंपडते, आणि तीन महिन्यांनी खालच्या माठात जे निघतं ते हातात घेऊन हुंगलं तर पहिल्या पावसाचा वास येतो. हे वाक्य मला स्वतःलाच जाहिरातीसारखं वाटतंय, पण येतो खरा.

पहिलं खत टेकडीवर न्यायचं म्हणून सप्टेंबरच्या शेवटी वर गेले. जूनमध्ये पाऊस दोन दिवस कोसळून दडी मारून बसला होता, त्यात बरीच रोपं वाळली. पुढे गवत कमरेएवढं वाढलं, त्यात काही हरवली. १०१ पैकी ५८ सापडली. सरांचं ताम्हण उभं होतं, पण काडीसारखं. हलवलं तर हातात आलं. खाली काळी पिशवी, अगदी शाबूत, नर्सरीचा शिक्काही वाचता येत होता. मुळं बिचारी आतल्या आत गोल गोल फिरली होती आणि मग थांबली होती. पाटी मात्र लखलखीत.

हिवाळ्यापासून आम्ही टेकडीवर फिरायला जाणारे सहा-सात जण पाणी घालायला लागलो. फिरायला जाताना दोन हातांत तेलाचे पाच लिटरचे रिकामे कॅन, खाली माझ्या नळावर भरायचे. आयुष्यभर प्लॅस्टिकला शिव्या दिल्या, पण त्या चढावर माठ घेऊन कोण जाणार? एका रोपाला दोन लिटर, आठवड्यातून दोनदा. फेब्रुवारीत मोजली तेव्हा एकतीस जिवंत होती. मामांचे आठही करंज त्यात होते.

मार्चमध्ये समन्वयक मुलाचा फोन आला. आवाजात मध. २१ मार्चला आंतरराष्ट्रीय वन दिन, सर 'माझं झाड आज' अशी पोस्ट टाकणार आहेत. "मॅडम, सरांच्या झाडाचा आत्ताचा एक फोटो मिळेल का?"

मी सांगितलं, झाड गेलं. पलीकडे शांतता. मग म्हणाला, "पूर्ण?"

मी म्हटलं, झाडं अर्धी जात नाहीत रे बाळा. मग तोच हळूच म्हणाला, की आजूबाजूला एखादं बरं झाड असेल तर पाटी जराशी, म्हणजे फक्त फोटोपुरती.

मी चांगली बाई असते तर फोन ठेवला असता. मी विचारलं, एप्रिल-मेसाठी टेकडीवर पाण्याची टाकी देता का? पाचशे लिटरची, तोटीसकट, आणि आठवड्यातून दोनदा ती भरायची मजुरी. तो "सरांना विचारतो" म्हणाला आणि दहा मिनिटांत हो आलं. नवरा म्हणाला, "म्हणजे तू लाच घेतलीस." सासूबाई म्हणाल्या, "स्वतःला घेतली का? मग?"

पाटी उपटून मी मामांच्या सगळ्यात उंच करंजाशी रोवली. करंजाची पानं कोवळी, चकचकीत, फोटो फार गोड आला. सरांच्या पानावर हजारो बदाम पडले. ताम्हण आणि करंज यातला फरक एका माणसाच्या लक्षात आला, त्याने खाली तसं लिहिलं, आणि त्याला लोकांनी नकारात्मक म्हणून झोडपलं.

टाकी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आली. शब्द पाळला, कबूल करते. फक्त चारी बाजूंनी तिला फ्लेक्स गुंडाळलेला आहे आणि त्यावर सर हात जोडून उभे आहेत, तोटी नेमकी हनुवटीखाली.

परवा टाकी भरायला आलेल्या मजुरांत मामा होते. करंजाशी थबकले, पाटीवरचं नाव बोट फिरवत वाचलं, मग माझ्याकडे बघितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, मामा, आजच काढते, फोटोपुरती लावली होती, विसरूनच गेले.

"ऱ्हाऊ द्या की," मामा म्हणाले. "एवढ्या मोठ्या माणसाचं नाव हाय, सरपणाला तोडायचं धाडस न्हाई व्हायचं कुणाला." आणि बाकीच्या सात करंजांकडे नजर टाकून म्हणाले, "अजून सात पाट्या मिळतील काय बघा."

मग कॅन उचलून त्यांनी सरांच्या हनुवटीखाली धरला.